कावेरीची सुनावणी

ती फाटकाशी उभी होती, पण आत येत नव्हती.

मला वाटलं, डब्याची चौकशी करायला आली असेल. मिरजेत आमची गल्ली दवाखान्यांच्या मागेच होती आणि माझी खानावळ पेशंटच्या नातेवाइकांवरच चालायची. पोळीचा उंडा हातात तसाच धरून मी ओट्यावरून विचारलं, "किती माणसांचा डबा पाहिजे?"

ती नुसती हसली. पदराचं टोक तिनं नाकातोंडावर धरलं होतं, तरी डोळ्यांवरून हसलेली कळलं. मग मान वळवून डावा कान माझ्याकडे करत म्हणाली, "जरा मोठ्यानं बोला, अक्का. ह्या कानानं थोडं येतं. त्या कानानं कायबी न्हाय."

मी मोठ्यानं पुन्हा विचारलं.

"डबा नगं," ती म्हणाली. "मी कावेरीची आई."

कावेरी शाळेत गेली होती. दोन वर्षांपासून ती आमच्याकडे होती. तिचा बाप जत तालुक्यातल्या कुठल्याशा वाडीत क्षयानं गेला आणि त्याची सेवा करता करता तोच आजार आईला लागला. साध्या गोळ्यांना दाद न देणारा क्षय. महिनोन्‌महिने इंजेक्शनं, मग पुन्हा गोळ्या. मुलीला जवळ ठेवणं शक्यच नव्हतं. भावजयीनं हात वर केले, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यानं बाल कल्याण समितीला कळवलं. आम्हा दोघांना मूल नव्हतं. दत्तकासाठी आमची वयं उलटून गेलेली. समितीकडे पालनपोषणासाठी नाव नोंदवून ठेवलं होतं, ते कामी आलं. सात वर्षांची कावेरी कोळी आमच्या घरी आली. दत्तक नव्हे, आई बरी होईपर्यंत सांभाळायला. तसं आम्ही लिहूनही दिलं होतं. पण लिहून देताना ती आई माझ्या डोळ्यांसमोर कधी उभी राहिली नव्हती. ती आता फाटकाशी उभी होती. माझ्यापेक्षा निम्म्या वयाची वाटावी अशी, काटकुळी, पायात रबरी चपला.

"आत या ना," मी म्हटलं.

"हितंच बरी हाय."

"अहो, ऊन आहे. या."

ती व्हरांड्यात आली आणि पायरीवर टेकली. मी पाणी दिलं. तिनं तांब्या वरून धरून ओठ न लावता पाणी प्यायलं आणि मग कोपऱ्यातल्या नळाशी जाऊन तांब्या घासून पालथा घातला. मी नको नको म्हणत होते. तिला ऐकू आलं नसावं.

"डाक्टर म्हनले, आता तुझ्यात कायबी न्हाय राहिलं. तीनदा तपासलं. खरं, सवय जात न्हाय." मग हात पदराला पुसत ती म्हणाली, "मी मागायला न्हाय आले, अक्का. मी समितीत अर्ज दिलाय. तुमास्नी कागूद यील. कागदाच्या आदी माझ्या तोंडनं कळावं, म्हनून आले."

तव्यावरची पोळी जळायला लागली होती, त्याचा वास व्हरांड्यापर्यंत आला.

"ती यायच्या आत जाते," ती उठत म्हणाली. "मला बघितलं तर तिच्या जीवाला उगा घोर." फाटकाशी जाऊन ती थांबली. दोरीवर कावेरीचा शाळेचा फ्रॉक वाळत होता. तिनं त्याची उंची आपल्या कमरेशी लावून पाहिली. "एवढी झाली?" असं स्वतःशीच म्हणाली आणि गेली.

ह्यांना मी संध्याकाळी सांगितलं. ह्यांचं स्टेशन रोडला मोटारसायकलींच्या सीटला कव्हर शिवायचं दुकान होतं. ह्यांचं नाव अनंत, पण गिऱ्हाइकं त्यांना वडेरमामाच म्हणायची. बोलायला अघळपघळ माणूस. त्या दिवशी मात्र जेवताना कावेरी वर्गातल्या मुलीची नक्कल करून दाखवत होती, तिला हसले तेवढंच.

समितीचं पत्र आलं. पालनपोषणाची व्यवस्था समाप्त का करू नये, याबाबत आपलं म्हणणं मांडावं, असं त्यात होतं. पत्र घेऊन आम्ही पोतदार वकिलांकडे गेलो. ते शेजारच्याच गल्लीत राहायचे आणि ह्यांचे जुने गिऱ्हाईक होते.

"हे बघा, वडेर," ते म्हणाले, "कायद्यानं आईचा हक्क पहिला. पण समाप्तीची कारवाई म्हणजे एका सहीनं काम उरकलं, असं नसतं. तुम्हाला ऐकून घ्यावं लागतं. पोरीला विचारावं लागतं. तिचं भलं कशात आहे, ते बघावं लागतं. तुमचं काय म्हणणं आहे?"

"ती आमच्याकडे राहावी," हे म्हणाले.

"ते झालं तुमच्या मनातलं. कारण काय लिहू?"

हे माझ्याकडे बघायला लागले. पोतदारांनी एकेक विचारायला सुरुवात केली. आई करते काय? द्राक्षबागेत मजुरीला जाते. घर? भावाच्या आवारात पत्र्याची एक खोली. दिवसभर मुलीकडे कोण बघणार? कोणी नाही. आजार उलटला तर? डॉक्टर म्हणतात उलटणार नाही.

"आणि कोर्टात टिकेल असं काही?"

"तिला ऐकू येत नाही," मी म्हटलं. "एका कानानं अजिबात नाही, दुसऱ्यानं थोडं. इंजेक्शनांनी गेलं असेल."

पोतदारांनी मान वर केली. "हे महत्त्वाचं आहे. पोर रात्री तापानं कण्हली तर आईला कळणार कसं? चूल पेटलेली, पोरीनं हाक मारली, तर? हे लिहायलाच पाहिजे."

त्यांनी लिहिलं. वाचून दाखवलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

त्या दिवसांत कावेरीला आम्ही काही सांगितलं नव्हतं. पण समितीचं काम बघणाऱ्या संस्थेच्या निकम मॅडम नियमाप्रमाणे येऊन तिच्याशी बोलून गेल्या आणि तिला सगळं कळलं. त्यांनीच तिला एकदा सांगलीला समितीच्या कार्यालयात नेऊन आई आणि मामीशी भेटही घालून दिली. कावेरी रडली नाही. फक्त माझ्या मागे मागे राहायला लागली. मी भाजी निवडायला बसले की शेजारी बसायची, डबे भरताना झाकणं लावायची. एकदा पोळ्या लाटता लाटता मी तिला विचारलंच, "तुला काय वाटतं गं?"

"कशाचं?"

"आईकडे जायचं, की इथे राहायचं?"

तिनं एक झाकण घट्ट बसवलं, ते दाबून पाहिलं. "सगळेच विचारतात," ती म्हणाली. "मला एकदाच सांगू दे ना, मावशी."

सुनावणी सांगलीला होती. समितीचं कार्यालय म्हणजे एका जुन्या सरकारी इमारतीतल्या दोन खोल्या. बाहेरच्या बाकावर महादेवी – कावेरीच्या आईचं नाव महादेवी – आमच्या आधी येऊन बसली होती. नवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. कावेरी तिच्याकडे धावली नाही. हळूच जाऊन तिच्या डाव्या बाजूला बसली. महादेवीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण तोंड दुसरीकडे वळवून. कावेरीनं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे केलं. मी बघत राहिले. ती उजव्या बाजूला का बसली नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

आत अध्यक्ष शिराळकर मॅडम होत्या, आणि बाकीच्या सदस्यांत एक वयस्कर मुजावर वकील. कावेरीला बाहेर बसवून आमचं म्हणणं वाचलं गेलं. कारकुनानं भरभर वाचलं. वाचून झाल्यावर शिराळकर मॅडमनी महादेवीला विचारलं, "तुम्हाला यावर काही सांगायचं आहे?"

महादेवी कावरीबावरी झाली. "काय म्हनले त्ये? मला न्हाय कळलं."

"मोठ्यानं सांगा त्यांना," मॅडम निकमबाईंना म्हणाल्या.

निकमबाई उठून तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या कानाशी वाकल्या. त्या हळू सांगायला गेल्या, तर महादेवीनं मान हलवली. शेवटी त्यांनी ओरडून सांगितलं. "त्या म्हणतात, तुम्हाला ऐकू येत नाही! रात्री मुलगी आजारी पडली तर तुम्हाला कळणार नाही! म्हणून तुम्हाला मुलगी सांभाळता येणार नाही!"

पोतदारांच्या टेबलाशी बसून सांगितलेली गोष्ट अशी ओरडून ऐकू आली की कशी लागते, ते मला तिथे कळलं. महादेवी मात्र एकेक शब्दाला मान डोलवत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"खरं हाय त्यांचं," ती अध्यक्षांना म्हणाली. "मला न्हाय ऐकू येत. मी तिला उशाशी घिऊन निजंन. तिचा हात माझ्या हाताला बांधून निजंन. ती हालली की मला जाग यील." मग म्हणाली, "ह्यास्नी मी काय बोलू? माझी पोर ह्यांनी जगवली. त्यास्नी वाटनारच."

मुजावर वकिलांनी चष्मा काढून पुसला. मग आम्हा सगळ्यांना बाहेर जायला सांगून कावेरीला आत घेतलं.

बाहेर आम्ही तिघं एकाच बाकावर बसलो. हे मधे. महादेवीनं ह्यांना विचारलं, "दादा, तिला अजून पावट्याची आमटी आवडती?"

"पावटा नाही खात ती," हे म्हणाले आणि मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आमच्याकडे करतच नाहीत ना फारसा. म्हणून."

"आदी लई खायाची," महादेवी म्हणाली.

आम्हाला आत बोलावलं तेव्हा कावेरी मुजावरांच्या टेबलाशी उभी होती. तिनं आमच्यापैकी कोणाकडेच पाहिलं नाही. शिराळकर मॅडम ह्यांना म्हणाल्या, "वडेर, तुम्ही दोघांनी मुलीला जे दिलं, त्याची नोंद मी आदेशात घेतली आहे. पण मुलीनं आम्हाला आईकडे जायचं आहे असं सांगितलंय."

"तिला कोणी शिकवलं असेल," हे एकदम म्हणाले. मी त्यांना कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. "मॅडम, परवापर्यंत ती काही बोलत नव्हती. तिला घाबरवलंय कुणीतरी. ती आमच्याकडे खूश आहे. विचारा तिला. विचारा ना, खूश आहे का नाही!"

"हो, तसंही ती म्हणाली. तुमच्याकडे खूप खूश आहे म्हणाली." कावेरीकडे वळून म्हणाल्या, "बाळ, मी सांगू का त्यांना? की तू सांगतेस?"

कावेरीनं मान खाली घातली. टेबलाच्या कडेवरचं सुटलेलं सनमायका ती नखानं उचकटत होती. "आईला गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही," ती म्हणाली. "मागच्या वेळी इथून जाताना एसटी एवढी जवळ आली होती. मीच ओढलं तिला. कुणी हाक मारली तरी तिला कळत नाही, मग माणसं हसतात. मामी तिला तोंडावर काय काय बोलते, ते पण तिला कळत नाही. ती हसून हो हो म्हणते." तिनं सनमायका पुन्हा दाबून बसवलं. "मावशीला काका आहेत. काकांना मावशी आहे. आईच्या बाजूला कोण आहे?"

महादेवी सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती. लेक काय म्हणाली ते तिला कळलं नव्हतं. तिनं माझा हात हलवून विचारलं, "काय म्हनली, अक्का? काय म्हनली पोर?"

मी तिच्या डाव्या कानाशी वाकले. आम्ही जे कारण कागदावर लिहून दिलं होतं, तेच कावेरीनं सांगितलं होतं. फक्त तिच्या तोंडी त्याचा अर्थ उलटा होता. हे सगळं तिला कसं ओरडून सांगायचं? मी एवढंच म्हणाले, "तुझ्याकडे यायचं म्हणते."

आदेश तिथेच वाचून दाखवला. परीक्षा संपल्यावर मुलीचा ताबा आईकडे द्यावा आणि पालनपोषणाची व्यवस्था त्या दिवसापासून समाप्त समजावी. सह्या झाल्या. मी उठले, पण हे उठेनात. त्यांनी मुजावर वकिलांना विचारलं, "साहेब, एक विचारू? समाप्त म्हणजे काय? म्हणजे आम्ही आता तिचे कोणीच नव्हतो, असं झालं?"

मुजावरांनी कागद बाजूला सारले. "नाही, वडेर. नव्हतो असं नाही. कायद्यात दोन वेगळे शब्द आहेत. एखादी गोष्ट रद्दबातल ठरवली, तर ती मुळात झालीच नाही असं धरतात. कालचं सुद्धा पुसायचं. समाप्त केली, तर इथून पुढे नाही, एवढंच. आजवर जे झालं, ते सगळं खरं, सगळं कायदेशीर. ते समितीला पुसता येत नाही, उद्या वरच्या कोर्टात गेलात तर त्यांनाही नाही." त्यांनी आदेशाच्या कागदावर बोट ठेवलं. "दोन वर्षं तुम्ही तिचे पालक होता. हे वाक्य कायम खरं राहणार. मी ते आदेशात 'समाप्त' असंच लिहिलंय, मुद्दाम."

ह्यांनी आदेश उचलून तो शब्द एकदा वाचला. मग "बरं," म्हणाले आणि उठले.

परीक्षा संपल्यावर महादेवी न्यायला आली. या वेळी ती घरात आली, ओट्याशी बसली. मी पाण्याचा पेला दिला, तर तिनं तो ओठाला लावला. मी तिला सांगत होते: कुकरच्या शिट्टीला दचकते, ताप आला की आधी पाय गार पडतात, गणितात मागे आहे पण चिडवलं की हट्टानं करते. प्रत्येक वाक्य तिच्या कानाशी ओरडून सांगावं लागत होतं आणि कावेरी समोर बसून ऐकत होती, त्यामुळे अर्ध्याहून जास्त गोष्टी मी सांगितल्याच नाहीत. ह्यांनी तिला रेक्झिनचं दप्तर शिवलं होतं. ते तिच्या पाठीवर चढवताना त्यांनी पट्टे तीनदा सैल केले, तीनदा आवळले. एसटी सुटली, तेव्हा कावेरी खिडकीतून हात हलवत होती आणि महादेवी आमच्या हातांकडे बघून हलवत होती. आम्ही मोठ्यानं काहीतरी म्हणालो. काय म्हणालो, ते आठवत नाही.

सुरुवातीला फोन यायचे. मग दिवाळीला. महादेवीच्या भावानं खोली काढून घेतली, त्या दोघी बागेच्या मालकाच्या शेडवर राहायला गेल्या. नंबर बदलला. हे दर वर्षी जतच्या जत्रेच्या दिवसांत म्हणायचे, जाऊन येऊ. मग म्हणायचे, नको, तिचं मन आता लागलं असेल तिकडे; आपण गेलो की पुन्हा ढवळलं जाईल. आम्ही गेलो नाही. त्यांनी तिच्या खोलीत दुकानाचा माल कधी ठेवला नाही, एवढंच. खानावळीचं काम वाढलं, जागा अपुरी पडायला लागली, तरी नाही.

गेल्या वर्षी हे गेले. दुकानातच, मशीनवर मान टाकली. महिनाभरानं एक मुलगी दारात आली. उंच, काळीसावळी, कॉलेजची सॅक. "मावशी!" अशी तिनं हाक मारली, ती गल्लीच्या टोकाला ऐकू जावी इतकी. तिला तसंच बोलायची सवय झाली होती. मी तिला पोटाशी धरलं. तिच्या त्या मोठ्या आवाजानं घर एकदम भरून गेलं.

आई बरी आहे म्हणाली. आता कानाला यंत्र लावते, पण सणासुदीलाच. जतमध्ये कुणीतरी बोलता बोलता सांगितलं, मिरजेचे ते सीटवाले वडेरमामा गेले. म्हणून आली.

तिनं घरात फिरून पाहिलं. मोरी कुठे, ते तिला विचारावं लागलं. तिची खोली कोणती, हेही तिला आठवलं नाही, ती आमच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "इथंच झोपायचे ना मी?" मी हो म्हटलं. मग ती ह्यांच्या फोटोसमोर बसली.

"मावशी, मला वाईट वाटतंय," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "मला काकांचा चेहरा आठवत होता. पण आवाज आठवत नाही. येताना एसटीत खूप आठवून बघितला. काका मला काहीतरी म्हणायचे. नावानं नाही हाक मारायचे. काय म्हणायचे ते?"

"सरकार," मी म्हटलं.

तिनं डोळे मिटले. "कसं म्हणायचे?"

मला ह्यांच्यासारखं बोलता येत नाही. त्यांचा आवाज घोगरा होता, दिवसभर मशीनच्या खडखडाटावरून बोलून झालेला. पण मी घसा खाकरला, आणि ते संध्याकाळी दारातून आत येताना म्हणायचे तसं म्हटलं, "काय सरकार, जेवण झालं का?"

तिचे डोळे मिटलेलेच होते. ओठ हलत होते, जणू शब्द जिभेवर ठेवून बघत होती.

"परत म्हणा," ती म्हणाली.

मी परत म्हटलं.